नवीन टाकीत लाकडावर पांढरा कापूस आलाय, निळं औषध टाकू का?

ओली_वाळू
नमस्कार मंडळी, पहिलाच धागा काढतेय. जरा लांब होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही. टाकी ६० बाय ३० बाय ३६ सेंटीमीटरची, पाणी भरून आज बारा दिवस झाले. खाली वाळू, एक स्पंज फिल्टर, थोडं जावा मॉस, आणि मधोमध एक मोठं फाटे फुटलेलं लाकूड, त्यालाच अनुबियासची दोन झाडं दोऱ्याने बांधलीत. तिसऱ्या दिवशी आठ गप्पी आणि तीन कोरी (तळाशी फिरणारे मिशांचे मासे) सोडले.

पाचव्या-सहाव्या दिवशी लाकडाच्या टोकांवर पांढुरकं काहीतरी दिसायला लागलं. मला वाटलं हवेचे बुडबुडे चिकटलेत. आता मात्र सगळ्या फाट्यांवर पसरलंय, सावरीचं बोंड फुटल्यावर कापूस कसा बाहेर लोंबतो अगदी तसं, फिल्टरच्या पाण्याने हलतं पण तुटत नाही. काल रात्री टॉर्च लावून बघितलं तर वाळूवर दोन-तीन ठिकाणीही तसेच छोटे गोळे आहेत. मासे सध्या बरे दिसतात, गप्पी जरा वर वर राहतात एवढंच. ओळखीत ज्यांच्याकडे मासे आहेत त्यांनी सांगितलं की ही बुरशी आहे, उद्या माशांना लागेल, आजच निळं औषध (मिथिलीन ब्लू) टाक. बाटली आणून ठेवलीय, पण पूर्ण टाकीत ओतायची हिंमत होत नाहीये. काय करू? रात्रभर हाच विचार चाललाय.

संथ_प्रवाह
ताई, बाटली बंद करून कपाटात ठेवा. आज तर नाहीच टाकायचं. लाकडावरच्या कापसाला त्या औषधाची गरज नाही आणि ते टाकलंत तर तुमच्या स्पंजमध्ये गेल्या बारा दिवसांत जे काही थोडेफार चांगले जिवाणू बसले असतील तेही जातील, झाडं खराब होतील, काचेच्या कडांचं सिलिकॉन कायमचं निळं होईल ते वेगळंच. दुखणं हाल्याला आणि औषध पखालीला असं होईल ते.

आधी काही प्रश्न. लाकूड टाकण्यापूर्वी उकळलं होतं का? दिवसातून किती वेळा आणि किती खाणं टाकता? पाण्याची टेस्ट केलीत का, म्हणजे अमोनिया, नायट्राइट, पीएच? बारा दिवसांत पाणी किती वेळा बदललं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, माशांच्या अंगावर, तोंडावर, परांवर कुठे पांढरं आहे का ते काचेला नाक लावून एकेक मासा बघून सांगा. पांढरं कुठे आहे त्यावर सगळं ठरतं. लाकडावरचं वेगळं, खाण्यावरचं वेगळं आणि माशावरचं अगदीच वेगळं प्रकरण.

गप्पी वर वर राहतात हे तुम्ही सहज लिहून गेलात, मला त्या कापसापेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटतेय.

सूक्ष्मदर्शी
लाकडावर येतं ते काय असतं ते सांगतो, म्हणजे भीती कमी होईल. वाळलेलं लाकूड पाण्यात भिजलं की त्यातली साखर आणि बाकीचे विरघळणारे पदार्थ हळूहळू बाहेर पडतात. नवीन टाकीत त्यावर डल्ला मारायला अजून कोणी नसतं, म्हणून जे जिवाणू आणि पाण्यातल्या बुरश्या आधी पोचतात ते एकदम फोफावतात, आणि त्यांचा मिळून तो चिकट पांढरा थर होतो. त्याला बायोफिल्म म्हणतात. लाकूड बाहेर काढून बघा, पाण्यात जो कापूस छान उभा दिसतो तो बाहेर आल्या आल्या मिटतो आणि बोटाला नुसता बुळबुळीत शेंबडासारखा थर लागतो. ही मंडळी मेलेल्या लाकडावर जगणारी आहेत, धडधाकट माशाच्या अंगावर त्यांना काही मिळत नाही. बहुतेक टाक्यांमध्ये लाकडातला खाऊ संपला की दोन ते सहा आठवड्यांत ते आपोआप ओसरतं.

वाळूवरचे गोळे मात्र बहुतेक उरलेलं खाणं आहे. त्यातला एखादा पाइपने ओढून घ्या आणि बोटात चुरडून बघा, आत दाणा सापडेल.

काचेपलीकडे
सूक्ष्मदर्शींशी सहमत, पण "आपोआप जातं" म्हणून नुसतं बघत बसू नये असं माझं मत आहे. माझ्या टाकीत मी तेच केलं होतं. थर इतका जाड झाला की त्याचे तुकडे सुटून फिल्टरच्या स्पंजवर बसले, स्पंज तुंबला, पाण्याची हालचाल मंदावली आणि एका सकाळी सगळे मासे पृष्ठभागावर तोंड लावून उभे. तो थर स्वतःही ऑक्सिजन खातो हे लोक विसरतात.

त्यामुळे माझी पद्धत सांगतो. लाकूड निघत असेल तर बाहेर काढायचं, जुन्या टूथब्रशने (साबणाचा कधीच संबंध न आलेल्या) वाहत्या पाण्याखाली घासायचं, शक्य असेल तर मोठ्या भांड्यात तास-दोन तास उकळायचं, पाणी चहासारखं झालं की ओतून द्यायचं आणि परत उकळायचं. झाडं बांधलेली असतील तर ती आधी सोडवून टाकीच्याच पाण्यात बादलीत ठेवा. लाकूड निघत नसेल तर एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात सायफनचं तोंड ब्रशच्या अगदी जवळ, म्हणजे सुटलेला थर टाकीभर न पसरता सरळ बाहेर जातो. हे दोन माणसांनी केलं तर सोपं पडतं.

उकळल्यावरही परत येतं हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर निराश व्हाल. उकळून वरचं मरतं आणि थोडा खाऊ निघून जातो, पण लाकडाच्या गाभ्यात शिल्लक असतोच. माझ्याकडे चार वेळा आला, दर वेळी आधीपेक्षा पातळ, पाचव्यांदा आलाच नाही.

आणि एक, लाकूड बाहेर काढाल तेव्हा नाकाजवळ धरून वास घ्या आणि नख रुतवून बघा. मातीसारखा, पावसाळी वास असेल तर ठीक. सडलेल्या अंड्याचा वास असेल आणि नख आत जात असेल तर ते लाकूडच कुजतंय, ते परत टाकू नका, कितीही आवडतं असलं तरी.

गोगलगाय_वेडी
ब्लीचमध्ये बुडवा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका प्लीज. दगड असता तर गोष्ट वेगळी, लाकूड शोषून घेतं आणि नंतर हळूहळू सोडत राहतं.

आणि घासण्याबद्दल मी जरा वेगळं सांगेन. थर पातळ असेल, फिल्टर नीट चालत असेल तर राहू द्या की. गोगलगायी, कोळंबी, ओटो (शेवाळ खाणारे छोटे मासे) यांच्यासाठी ते चांगलं खाणं आहे. माझ्या टाकीत नेराइट गोगलगाय लाकडावरून गेली की मागे बोटभर रुंदीचा स्वच्छ पट्टा दिसतो, तपकिरी लाकूड खालून उघडं पडतं, आणि दुसऱ्या दिवशी त्या पट्ट्याशेजारी दुसरा पट्टा. तासन्‌तास बघत बसते मी. पण ओली_वाळू, म्हणून आज लगेच आणू नका. कोळंबीला अमोनिया अजिबात सोसत नाही, टाकी मुरेपर्यंत, म्हणजे चांगले जिवाणू पुरेसे होईपर्यंत थांबा. आणि कोळंबी-गोगलगायी आणल्यावर तांबं असलेलं कुठलंही औषध टाकीत जाता कामा नये.

ओली_वाळू
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढ्या लवकर उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. प्रश्नांची उत्तरं देते.

लाकूड उकळलं नव्हतं, फक्त दोन दिवस बादलीत भिजवलं होतं. वास घेतला, पावसाळी मातीसारखाच आहे, नख रुतत नाही. खाणं दिवसातून तीन वेळा चिमूटभर, मुलगा पण मधेच टाकतो हे आज कळलं. पाणी अजून एकदाही बदललं नाही कारण मला सांगितलं होतं की नवीन टाकीचं पाणी महिनाभर हलवायचं नाही. वाळूवरचा गोळा चुरडून बघितला, आत खरंच दाणा निघाला! टेस्ट किट आज आणलं, थेंब टाकून रंग जुळवायचं. अमोनिया १, नायट्राइट ०.५, नायट्रेट ५ च्या आसपास (आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये), पीएच ७.८, तापमान २८. एकेक मासा बघितला, अंगावर कुठे पांढरं दिसलं नाही. पण दोन गप्पी पर मिटून घेतात आणि कल्ले भराभर हलतात.

हे आकडे वाईट आहेत का?

संथ_प्रवाह
वाईट आहेत पण हाताबाहेर गेलेले नाहीत. आता कापूस बाजूला ठेवा आणि आधी हे करा.

माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे जिवाणू स्पंजवर, वाळूवर, काचेवर बसतात आणि पुरेसे व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, यालाच टाकी मुरणं म्हणतात. तुमची टाकी आत्ता मध्यावर आहे, नायट्राइट दिसायला लागलंय म्हणजे पहिली जात कामाला लागलीय. पण मासे मात्र तिसऱ्या दिवसापासून त्या पाण्यात आहेत. त्यात पीएच ७.८. पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, पाणी गरम असेल तर आणखी. म्हणून ६.५ पीएचच्या पाण्यात जो १ अमोनिया मासे सहन करतात तोच तुमच्याकडे त्यांचे कल्ले जाळतो. गप्पी वर वर राहायचे ते यामुळेच.

महिनाभर पाणी हलवायचं नाही हा सल्ला मासे नसलेल्या टाकीसाठी एक वेळ चालेल. मासे असताना अजिबात नाही. चांगले जिवाणू पाण्यात तरंगत नसतात, ते पृष्ठभागाला चिकटलेले असतात, पाणी बदललं म्हणून ते जात नाहीत.

आज ४० टक्के पाणी बदला. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले हजार केलं तर तुमची टाकी ६४.८ लिटरची येते, पण वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा सोडली तर प्रत्यक्ष पाणी ५२-५५ लिटर धरा. औषध असो की क्लोरीन घालवणारं लिक्विड, नेहमी प्रत्यक्ष पाण्यावर हिशोब करायचा. नवीन पाण्यात ते क्लोरीनचं लिक्विड आधी मिसळा, तापमान हाताला सारखं लागलं पाहिजे, आणि सावकाश ओता. सायफनने वाळूवरचे सगळे गोळे ओढून घ्या. उद्यापासून रोज टेस्ट, आणि अमोनिया किंवा नायट्राइट ०.२५ च्या वर दिसलं की परत २५-३० टक्के बदल. खाणं एक दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल एवढंच. मुलाला सांगा की मासे उपाशी मरत नाहीयेत, उलट खाण्यानेच आजारी पडतायत. एअर पंप असेल तर चालू करा, पृष्ठभाग हलता ठेवा.

स्पंज नळाखाली धुऊ नका, कधीच नाही. काढलेल्या टाकीच्या पाण्यात बादलीत दोनदा हलका पिळायचा, बस.

सूक्ष्मदर्शी
एक भर घालतो. नायट्राइट वाढलं की मासे ऑक्सिजन असूनही गुदमरतात, कारण ते कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद घटते. मिठातला क्लोराइड ते आत शिरायला अडवतो. यासाठी अगदी थोडं मीठ पुरतं, लिटरला ०.१ ग्रॅम, म्हणजे तुमच्या टाकीला ५ ग्रॅम. एवढ्याने कोरींना किंवा झाडांना त्रास होत नाही. पाण्यात विरघळवून घालायचं, खडे तसेच टाकायचे नाहीत, कोरी तळाशी असतात.

पुस्तकांमध्ये दुसऱ्या टप्प्याला, म्हणजे नायट्राइटचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना, नायट्रोबॅक्टर लिहिलेलं असतं, पण गोड्या पाण्याच्या टाक्यांमध्ये ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात हे १९९८ साली दाखवलं गेलं. ते फार सावकाश वाढतात, म्हणून नायट्राइटचा टप्पा सगळ्यात लांबतो, घाबरू नका. कोणाकडे निरोगी, जुनी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा ओलाच आणून तुमच्या फिल्टरशेजारी ठेवा, आठवडे वाचतात.

पहिली_टाकी
मध्येच विचारतोय, वेगळा धागा काढत नाही. माझ्याकडे लाकूड नाही पण पाणीच दुधासारखं पांढरं झालंय, चौथा दिवस. हे पण बुरशीच का? आणि काचेवर पांढरे दोऱ्यासारखे बारीक किडे वळवळताना दिसले.

काचेपलीकडे
नाही, ते पाण्यात तरंगणाऱ्या जिवाणूंचं उधाण आहे, खाऊ जास्त झाला की होतं. चार-आठ दिवसांत निवळतं, खाणं कमी करा, हवा चालू ठेवा, अमोनिया तपासा. दर दोन तासांनी पाणी बदलून निवळत नाही. बारीक किडे वाळूतला गाळ खाणारे असतात, माशांना काही करत नाहीत, पण जास्त खाणं पडतंय याची खूण आहेत. डोकं बाणासारखं त्रिकोणी असेल तर ते प्लॅनेरिया, त्याचा फोटो टाका मग बोलू.

ओली_वाळू
सोळावा दिवस. पाणी रोज बदलतेय, अमोनिया ०.२५, नायट्राइट १ वर गेलं आणि आज ०.५. लाकूड काढून घासलं, दोनदा उकळलं, पाणी खरंच चहासारखं झालं. गप्पी खाली यायला लागले, मला खूप बरं वाटलं होतं.

पण आज सकाळी एका नर गप्पीच्या ओठांवर पांढरं दिसतंय. लाकडासारखे लांब तंतू नाहीत, ओठांना कोणी चुना लावावा तसं, कडेला किंचित लालसर. दुपारपर्यंत ते वरच्या ओठावरून पुढे सरकलंय असं वाटतं. खायला येतो, तोंडात घेतो आणि थुंकतो. लाकडावरचंच लागलं का त्याला? मी उगाच थांबले का? निळं औषध आधीच टाकायला हवं होतं का?

सूक्ष्मदर्शी
ताई, आधी शांत व्हा. हे लाकडावरून आलेलं नाही आणि निळं औषध आधी टाकलं असतं तर हे टळलं असतं असं मुळीच नाही.

माशाच्या अंगावर पांढरं म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा. पहिली, खरी कापसासारखी वाढ. लांब, बारीक, उभे तंतू, बहुतेक जखमेवर किंवा फाटलेल्या परावर. ती सॅप्रोलेग्निया गटातली असते. तिला आपण बुरशी म्हणतो, पण शास्त्रीयदृष्ट्या ती खरी बुरशी नाहीच, तिची पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोजची असते आणि ती तपकिरी शेवाळांच्या जास्त जवळची आहे. ती आधीच दुखावलेल्या माशालाच धरते. तिच्यावर मिथिलीन ब्लू चालतं, पण वेगळ्या डब्यात.

दुसरी, मिठाचे दाणे चिकटल्यासारखे सुटे ठिपके. तो इक, एकपेशीय परजीवी.

तिसरी, तुम्ही वर्णन केलंय ती. ओठांवर चिकटून बसलेला, आखूड, मळकट पांढरा थर, कडेला लाल, तासांत सरकणारा. कधी कधी पाठीवर खोगिरासारखा पट्टा उमटतो. लोक याला तोंडाची बुरशी म्हणतात पण हा जिवाणू आहे, कॉलम्नॅरिस. १९२२ सालीच त्याचं वर्णन झालंय, आणि शंभर वर्षांनंतरही लोक त्याच्यावर बुरशीचं औषध ओततात आणि मासा जातो. त्यावर जिवाणूंचं औषध लागतं. कुठलं अँटिबायोटिक, किती आणि किती दिवस ते माशांचं बघणाऱ्या पशुवैद्याला फोटो दाखवून विचारा, अंदाजाने देऊ नका.

आत्ता लगेच करायचं ते असं. त्याला वेगळ्या डब्यात घ्या, दहा-पंधरा लिटर पुरे, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) जोरात. डब्यात वाळू, झाडं काही नको. पाणी रोज अर्धं बदलायचं. जाळी, सायफन, बादली त्या डब्याची वेगळी, मुख्य टाकीत तोच हात धुतल्याशिवाय घालायचा नाही.

नवा_शेजारी
मीठ भरपूर टाका आणि तापमान ३० च्या वर न्या, माझे मासे त्यानेच वाचले होते, तीन दिवसांत पांढरं गेलं.

संथ_प्रवाह
तुमचे वाचले ते इकचे असणार. इकमध्ये परजीवी माशाच्या कातडीखाली असेपर्यंत औषध पोचत नाही, तो खाली पडून फुटतो आणि नवीन पिल्लं पोहायला लागतात तेव्हाच मरतात, म्हणून तापमान वाढवून त्याचं चक्र लवकर फिरवायचं आणि ठिपके गेल्यावरही बरेच दिवस उपचार चालू ठेवायचे. तिथे उष्णता आपल्या बाजूची असते.

कॉलम्नॅरिसमध्ये उलटं आहे. पाणी जितकं गरम तितका तो वेगाने पसरतो, आणि गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो. ओली_वाळू, कृपा करून तापमान वाढवू नका. हीटर लावला असेल तर २४-२५ वर आणा, एकदम नाही, दिवसात एक-दोन अंशांनी. भरपूर मीठ मुख्य टाकीत तर नकोच, कोरी आणि झाडं आहेत.

एकच शब्द, पांढरं, पण एका रोगात जे तारतं तेच दुसऱ्यात मारतं. म्हणून मी पहिल्या दिवसापासून कुठे आहे, कसं दिसतं असं खोदून विचारत होतो.

ओली_वाळू
एकोणिसावा दिवस. तो गेला. परवा रात्री डब्यात घेतला, काल दुपारी डॉक्टरांशी बोलणं झालं, औषध संध्याकाळी सुरू केलं आणि आज पहाटे तो तळाशी आडवा होता. शेपटी निळी होती त्याची, काळ्या ठिपक्यांची. मुलाने नाव ठेवलं होतं. त्याला सांगताना मला फार जड गेलं.

दुसऱ्या एका मादीच्या पाठीवर, वरच्या पराच्या खाली, फिकट पट्टा दिसला म्हणून तिला काल रात्रीच वेगळं केलं, म्हणजे तिच्यात पहिल्या दिवसापासून औषध आहे. आज पट्टा वाढलेला नाही. फिल्टरमधली कोळशाची पिशवी काढायची असते का? डब्यात छोटा फिल्टर लावलाय त्यात ती आहे.

काचेपलीकडे
लगेच काढा, कार्बन औषध शोषून घेतो. डब्यात अमोनियाही वाढेल कारण तिथे जिवाणू नाहीत, आणि हे औषध असलेलेही मारेल, म्हणून पाणी बदलणं चुकवू नका. बदललेल्या पाण्याच्या हिशोबाने औषध परत घालायचं, पूर्ण डोस नाही.

आणि ताई, मासा गेल्याचं वाईट वाटतंय हे समजतं. हा जिवाणू बऱ्याच टाक्यांमध्ये असतोच, पण ताणाखाली असलेल्या माशालाच आधी गाठतो. तुम्ही पाणी सुधारलं नसतं तर हा पहिला होता, शेवटचा नसता.

गोगलगाय_वेडी
मुलाला मादीची जबाबदारी द्या. रोज सकाळी पट्टा कुठपर्यंत आहे ते त्याने काचेबाहेरून बघून वहीत काढायचं. माझ्या मुलीने असंच केलं होतं, आणि ती वही मला टेस्ट किटइतकीच उपयोगी पडली, कारण लहान मुलं फार बारीक बघतात.

ओली_वाळू
सव्विसावा दिवस. मुलाच्या वहीत सात चित्रं झालीत. पहिल्या तीन चित्रांत पट्टा तेवढाच, चौथ्यापासून लहान, कालच्या चित्रात त्याने पट्टाच काढला नाही, खाली फक्त "नाही" लिहिलंय. खवले तिथले थोडे खडबडीत दिसतात. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करणार, मध्येच थांबवणार नाही.

मुख्य टाकीत अमोनिया शून्य. नायट्राइट ०.२५ वर अडकलंय. लाकडावर कापूस परत आलाय! पण पातळ, फक्त दोन टोकांवर, आणि या वेळी मी बाटलीकडे बघितलंही नाही.

संथ_प्रवाह
छान. नायट्राइट अडकू द्या, सोडेल. मादीला औषध संपल्यावर आणखी आठवडाभर डब्यातच साध्या पाण्यात ठेवा, मगच टाकीत.

ओली_वाळू
त्रेचाळिसावा दिवस, उशीर झाला कळवायला. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य सलग नऊ दिवस, नायट्रेट १५, आठवड्याला ३० टक्के पाणी बदलते. मादी टाकीत परत येऊन बारा दिवस झाले, तिसऱ्या दिवशीच जावा मॉसमध्ये बारीक पिल्लं दिसली, आम्ही सात मोजली. कोरी वाळूत मिशा खुपसून फिरतात. खाणं दिवसातून एकदा, चमचा आता मी माझ्याकडेच ठेवते.

गेल्या रविवारी दोन नेराइट आणल्या. दोन दिवस डब्यात ठेवून मग सोडल्या. काल रात्री दिवे घालवून टॉर्च लावला तर एक लाकडाच्या उजव्या टोकावर होती, तिच्या तोंडाची हालचाल काचेतून स्पष्ट दिसत होती, उघड-मीट उघड-मीट, आणि तिच्या मागे खरंच बोटभर पट्टा, ओलं तपकिरी लाकूड. डाव्या टोकावर अजून थोडा कापूस शिल्लक आहे. गोगलगाय_वेडी, कोळंबी कधी आणू?

गोगलगाय_वेडी
अजून तीन-चार आठवडे थांबा, नायट्राइट शून्यच राहू द्या. आणि डाव्या टोकाचा कापूस घासू नका, नेराइट पोचेलच तिथे.